‘तिकडे बघा’ म्हणणाऱ्यांनो, मळवलीला उतरा

ऑफिसातलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात फ्रान्सला जाऊन येतं. परतल्यावर कॅन्टीनमध्ये फोन हातोहात फिरतो. लोआर नदीकाठचे राजवाडे, शाँबोरचं ते धुराड्यांनी गजबजलेलं छप्पर, विलाँद्रीची भूमितीच्या वहीसारखी आखलेली भाज्यांची बाग, कुठल्याशा खेड्यातलं आठशे वर्षांचं चर्च. फोटो संपतात आणि मग ते वाक्य येतंच. "तिकडे बघा कसं जपलंय! आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही."

मी मळवलीचा. पुणे-लोणावळा लोकलचं लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन ते मळवली. लोहगड-विसापूरचा ट्रेक लोकलने केला असेल तर तुम्ही आमच्या गावातून चालत गेला आहात, नाव लक्षात राहिलं नसेल इतकंच. त्यामुळे हे ‘आपले लोक’ म्हणजे नक्की कोण, ते मी दर पावसाळ्यात शनिवार-रविवारी जवळून बघतो. नुकत्याच लावलेल्या भाताच्या बांधावर उभं राहून ड्रोन उडवणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या गाडीच्या काचेवर हिंजवडीच्या पार्किंगचं स्टिकर असतं. तो माझ्यासारखाच इंजिनिअर असतो.

हाच माणूस शाँबोरला मुकाट रांगेत उभा राहतो. चर्चमध्ये शिरताना आवाज खाली आणतो, चॉकलेटचा कागद खिशात ठेवतो. आठ महिन्यांनी तोच भाजे लेण्यांच्या चैत्यगृहात ब्लूटूथ स्पीकर लावतो. पासपोर्ट तोच, आईवडिलांचे संस्कार तेच. मग सिव्हिक सेन्स काय विमानतळावर कस्टम्सने काढून घेतला?

‘आपल्या लोकांना अक्कल नाही’ हे निदान मला खोटं वाटतं. शिवाय ते सोयीचं आहे, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. रक्तातच नाही म्हटल्यावर पाटी लावायला नको, स्वच्छतागृह बांधायला नको, गाडी सोडायला नको.

फ्रेंचांच्या रक्तात तरी कुठे होतं? क्ल्युनीच्या मठाचं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च होतं. राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि नव्या मालकांनी दगडाची खाण असल्यासारखं ते पाडून दगड विकले. आज तिथे मूळ चर्चचा जेमतेम तुकडा उभा आहे. मग १८३० मध्ये सरकारने ऐतिहासिक वास्तूंसाठी निरीक्षकाचं पद काढलं. १८३४ मध्ये ते प्रॉस्पेर मेरिमेकडे आलं, ‘कारमेन’ लिहिणारा तोच लेखक. तो वर्षानुवर्षं खेडोपाडी फिरत मोडकळीला आलेल्या वास्तूंच्या नोंदी करत राहिला. १८४० मध्ये पहिली यादी निघाली, १९१३ मध्ये कायदा आला. विलाँद्रीची ती सोळाव्या शतकातली वाटणारी बाग तर विसाव्या शतकात नव्याने घडवलेली आहे. १९०६ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने तो वाडा विकत घेतला आणि तिथला इंग्रजी धाटणीचा बगीचा काढून जुन्या पद्धतीची बाग मांडली. आणि खेड्यातलं ते चर्च? १९०५ च्या कायद्यानंतर फ्रान्समधली बहुतेक जुनी गावचर्चेस कम्यूनच्या, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या मालकीची आहेत. छप्पर गळलं तर सरपंचाला घाम फुटतो. पैसे पुरत नाहीत म्हणून २०१८ पासून ते वारशासाठी चक्क लॉटरी काढतात. जपणं असं शंभर-दोनशे वर्षं, भांडत, पैसे जमवत शिकलेत ते.

आता आमच्याकडे या. मळवली स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात भाजे लेण्यांच्या पायऱ्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. चैत्यगृहातले अष्टकोनी खांब सरळ नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. डोंगरात कोरलेल्या खांबाला कलायची काहीही गरज नसते. लाकडी इमारतीत छताचा दाब पेलायला खांब तिरपा ठेवतात. दगड कोरणारे लाकडाची सवय दगडात उतरवत होते. वर बघा, छताच्या कमानीला खऱ्या लाकडाच्या फासळ्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या! थोडं पुढे गेलं की चौदा लहानमोठ्या स्तूपांचा जथा आणि काहींवर थेरांची नावं. हे स्मारक आहे, दिवंगत भिक्खूंचं. तिथे बसून वेफर्स खाणाऱ्या मुलांना हे कुणीही सांगितलेलं नसतं. सांगितलं तर ती उठतात, मी पाहिलं आहे. थोडी खजील होतात आणि मग एखादी मुलगी दुसरा प्रश्न विचारते.

कार्ल्याला याहून मोठी गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराने कार्ल्याच्या चैत्यगृहाची तुलना कशाशी केली असेल? युरोपातल्या चर्चशी. मधली लांब मोकळी जागा, दोन बाजूंना खांबांच्या ओळी, टोकाला अर्धवर्तुळ, वर कमानदार छत. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या आणि फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या काँ शहराच्या चर्चशी त्याने मापं ताडून पाहिली. कार्लं त्या दोन्हींपेक्षा हजार वर्षांनी जुनं. आणि ते राजाने एकट्याने बांधलेलं नाही. लेखांमध्ये दात्यांची नावं आहेत: वैजयंतीचा एक श्रेष्ठी, धेनुकाकटचा एक गंधिक म्हणजे अत्तरवाला, एक सुतार, खांब देणारे कितीतरी यवन. आज आपण क्राउडफंडिंग म्हणतो ते. काँचं चर्च तुम्ही आवर्जून बघता. कार्ल्याला मात्र एकवीरेचं दर्शन घेऊन, लेण्याला वळसा घालून खाली उतरता. एकवीरेला जरूर जा, कोळ्यांची आई आहे ती. पण मागे तीस पावलांवर काय आहे तेही बघून या.

आणि लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे असलेली ती नागमोडी वाट अशी बांधलीय की वर येणारा शत्रू प्रत्येक वळणावर वरच्या माणसाच्या टप्प्यात यावा आणि पुढे सरकू नये. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच वाटेवर तासन् तास अडकलेल्या गर्दीचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तिला नेमून दिलेलं काम ती वाट अजून चोख करते आहे.

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो. एका वेळी किती लोक झेपतील याचा हिशोब आधी करायचा, जास्त आले तर रांग लावायची, रांगेतल्याला किती वेळ लागेल ते सांगायचं, हे आमच्याकडे फ्रेशरलाही कळतं. सर्व्हर कोसळला म्हणून युजरला शिव्या घातल्या तर नोकरी जाईल. मावळात नेमकं तेच चालतं. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण गेले. दोन्ही वेळा प्रशासनाची उडी मनाई आदेशांवर. म्हणजे आधी नळ पूर्ण उघडा, मग पूर्ण बंद. मधलं काही नाही. किती माणसं गडावर आहेत हे मोजायची सोय नाही, वेळ ठरवून तिकीट नाही. उलट लोकलने येणाऱ्याला दुपारच्या गाड्यांमधलं लांबलचक अंतर भोगावं लागतं. मग तो पुढच्या वेळी गाडी काढतो आणि भाज्याचा अरुंद रस्ता तुंबतो. बंदी घातली की बुडतो तो कणीस-भजी विकणारा.

कारण गावाच्या वाट्याला तेवढंच आहे. लेणी पुरातत्त्व खात्याची, तिकिटाचे पैसे केंद्राचे. पावसाळी पर्यटन भर जुलैत, म्हणजे ऐन भातलावणीत. तुडवलेला बांध शेतकऱ्यानेच पुन्हा घालायचा. फ्रान्सची बाग बघून तुम्ही हरखता ना? आमची बाग ही खाचरं आहेत. तुमच्या घरचा इंद्रायणी तांदूळ हे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं वाण आहे. त्या बागेत बूट घालून रील करता तेव्हा विलाँद्रीच्या कोबीवर उभं राहून पाहा म्हणावंसं वाटतं.

गडाला मंदिर म्हणणाऱ्यांशीही माझं थोडं भांडण आहे. लोहगड विसापूर विकास मंचासारखी मंडळी स्वतःच्या सुट्ट्या खर्चून काम करतात, त्यांच्याबद्दल नाही बोलत मी. पण नुसती घोषणा देऊन उतरणारा आणि नुसता धबधबा बघून उतरणारा, दोघांनीही नारायण दरवाजाजवळची धान्याची कोठारं पाहिलेली नसतात. किल्ला धान्यावर लढतो, हे तिथे पाच मिनिटं थांबलं तरी कळतं.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लोहगड त्यात आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी ज्याचे दरवाजे उडवले तो शेजारचा विसापूर नाही. बैठक पॅरिसमध्ये होती. लोआरचं खोरं २००० सालापासून त्याच यादीत आहे, तेव्हा आता ‘तिकडे’ आणि ‘इकडे’ कागदावर तरी एका रांगेत आलेत. फटाके वाजले, फ्लेक्स लागले.

आता पुढची कामं सांगतो, ती फ्लेक्सवर मावत नाहीत. गडावर आणि लेण्यांत एका वेळी किती माणसं हे ठरवा आणि वेळेची तिकिटं द्या. त्या पैशातला ठरावीक वाटा भाजे आणि लोहगडवाडीला मिळू द्या, मग बघा गाव कसं राखण करतं. गावातल्या पोरांना गाइड म्हणून शिकवा. त्यातली बरीच आज वीकेंडला पार्किंगच्या शिट्ट्या मारतात. आणि पहिली पाटी गडाच्या पायथ्याशी नको, मळवलीच्या फलाटावर लावा: भाजे कुठे, कार्ले कुठे, स्वच्छतागृह कुठे, आज गडावर जागा आहे की नाही. खाली मोठ्या अक्षरांत परतीच्या लोकलची वेळ.