आजारी बंदी आणि रुग्णालय यांच्यामधील परवानग्या

जयपूरच्या जवाहर नगरमधील एखाद्या रहिवाशाच्या छातीत रात्री दुखू लागले, तर तो रिक्षा करून सवाई मानसिंग रुग्णालय गाठतो. त्याच शहरात, घाट गेटच्या बाजूला असलेल्या मध्यवर्ती कारागृहातील बंद्याच्या छातीत दुखू लागले, तर त्याला आधी पहारेकऱ्याला हाक मारावी लागते. पहारेकऱ्याला ती तक्रार खरी वाटावी लागते, डॉक्टर हजर असावा लागतो, त्याने बाहेर नेण्याची शिफारस करावी लागते, अधीक्षकांची मंजुरी मिळावी लागते आणि अखेरीस सोबत जाण्यासाठी पोलीस पथक मोकळे असावे लागते. राजस्थानात या पथकाला ‘चालानी गार्ड’ म्हणतात. शहर एक, रुग्णालयही एकच. फरक आहे तो वाटेतील परवानग्यांचा.

कारागृहातील आरोग्याची चर्चा बहुधा गर्दी, अन्न आणि अस्वच्छता यांभोवती फिरते. ते प्रश्न खरेच आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते, तर क्षमता ४ लाख ३६ हजारांची होती. त्या वर्षी १,९९५ बंद्यांचा कोठडीत मृत्यू झाला. त्यांपैकी १५९ मृत्यू अनैसर्गिक ठरले आणि त्यांतील ११९ आत्महत्या होत्या. उरलेल्या बहुसंख्य मृत्यूंची नोंद ‘नैसर्गिक’ अशी झाली. या एका शब्दाआड बरेच काही झाकले जाते. वेळेवर औषध न मिळालेला क्षयरोगी आणि उशिरा रुग्णालयात पोहोचलेला हृदयरोगी हे दोघेही कागदोपत्री नैसर्गिक मृत्यूच पावतात.

कायदा कमी पडत नाही

कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांच्या आत कळविण्याचा आदेश राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने डिसेंबर १९९३ मध्येच दिला. २००५ च्या दुरुस्तीने अशा मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी बंधनकारक झाली. देशातील १,३८२ कारागृहांतील अमानवी स्थितीसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयांना सांगितले की, २०१२ ते २०१५ या काळात अनैसर्गिक मृत्यू आलेल्या बंद्यांच्या वारसांचा शोध घेऊन त्यांना भरपाई देण्याची कार्यवाही करावी. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार केंद्र उभारण्याची तरतूद आहे.

मात्र यातील मृत्यूविषयीच्या तरतुदी बंदी दगावल्यानंतर जाग्या होतात. तो जिवंत असताना दुखणे कोणाला सांगणार आणि ऐकणारा कोणाला उत्तरदायी राहणार, हा प्रश्न त्या सोडवत नाहीत.

जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात २० फेब्रुवारी २०१९ रोजी जन्मठेप भोगणाऱ्या एका पाकिस्तानी बंद्याची सहबंद्यांनी हत्या केली. पुलवामा येथील हल्ल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. दूरचित्रवाणी संचाच्या आवाजावरून वाद झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. कारण काहीही असो, बाहेरच्या वातावरणाचे पडसाद आत उमटू शकतात, याचा अंदाज घेणे आणि त्या बंद्याला सुरक्षित ठेवणे ही प्रशासनाची जबाबदारी होती. ज्याच्याविषयी समाजाला सहानुभूती नसते, त्याच्या सुरक्षिततेतच या जबाबदारीची कसोटी लागते.

त्यानंतर सव्वा वर्षाने, मे २०२० मध्ये, जयपूरच्या जिल्हा कारागृहात शंभराहून अधिक बंद्यांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. त्याच महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातही रुग्णांची संख्या शंभरीपार गेली. गर्दी कमी करण्यासाठी उच्चाधिकार समित्या नेमण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मार्चमध्येच निघाला होता. विषाणूने समित्यांच्या बैठकांची वाट पाहिली नाही.

महाराष्ट्राने जयपूरकडे बोट दाखवावे अशी स्थिती नाही. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून २०१७ मध्ये एका बंदी महिलेचा मारहाणीत मृत्यू झाल्याच्या आरोपावरून सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. अंडी आणि पाव कमी मिळाल्याच्या तक्रारीतून ते प्रकरण घडल्याचे सांगितले गेले. तळोजा कारागृहातील ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामी यांना कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याकरिता २०२० मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. जुलै २०२१ मध्ये ते न्यायालयीन कोठडीत असतानाच मुंबईतील रुग्णालयात निवर्तले. त्यांच्यावरील आरोपांविषयी मते भिन्न असू शकतात. पेल्याविषयी ती भिन्न असण्याचे कारण दिसत नाही.

निर्णय डॉक्टरचा की अधीक्षकांचा?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नुसार बंद्याला बाहेरच्या नागरिकाइतकीच दर्जेदार वैद्यकीय सेवा मिळाली पाहिजे आणि वैद्यकीय निर्णय वैद्यकीय व्यक्तीनेच घेतले पाहिजेत, कारागृहाच्या अधिकाऱ्यांना ते डावलता येऊ नयेत. नॉर्वेने १९८८ मध्ये, फ्रान्सने १९९४ मध्ये आणि इंग्लंडने २००६ पर्यंत कारागृहातील आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून आरोग्य यंत्रणेकडे सोपवली. भारतात कारागृहे आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय राज्यांकडेच आहेत. त्यामुळे असा बदल करण्यास राज्यघटनेचा अडसर नाही. अडसर असलाच, तर तो दोन खात्यांच्या सवयींचा आहे.

या सवयी किती जुन्या असतात, हे राजस्थाननेच दाखवून दिले. तेथील १९५१ च्या कारागृह नियमांत स्वयंपाक आणि शौचकूप सफाई ही कामे जातीनुसार वाटून दिलेली होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या वृत्तांतानंतर राजस्थान उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याची दखल घेतली आणि राज्याने नियम बदलले. पुढे त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृहांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. घाणीत हात घालण्याचे काम जन्मावरून ठरत असेल, तर आजारही जन्मावरूनच ठरतो. हा बदल एका बातमीने सुरू झाला, हे विसरता येत नाही.

सांगानेरचा अनुभव

आता पुन्हा जयपूरकडे. याच शहरात सांगानेर येथे १९६३ पासून खुले कारागृह आहे. राजस्थानचे तत्कालीन राज्यपाल संपूर्णानंद यांचे नाव त्याला दिलेले आहे. शिक्षेचा ठरावीक भाग चांगल्या वर्तनाने पूर्ण केलेले बंदी तेथे कुटुंबासह राहतात, दिवसा शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परततात. अंतर्गत व्यवस्था बंद्यांची पंचायत पाहते. त्यांतील अनेकांना खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेली आहे. येथील बंद्याला ताप आला, तर तो स्वतः दवाखान्यात जातो. चालानी गार्डची वाट पाहत नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. औंध संस्थानाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावर बेतलेला असून त्याची कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची होती. चित्रपट गाजला, प्रयोग मात्र त्या प्रमाणात पसरला नाही. खुल्या कारागृहांच्या संख्येत राजस्थान महाराष्ट्राच्या बरेच पुढे गेले.

त्याच सांगानेरच्या जमिनीवरून वाद उभा राहिला. खुल्या कारागृहांचे क्षेत्र कोठेही कमी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले. तरीही काही आठवड्यांतच त्यातील मोठा भाग रुग्णालयासाठी देण्यात आला. प्रकरण अवमान याचिकेपर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला. सांगानेरच्या लोकवस्तीला रुग्णालय हवे, याबद्दल दुमत नाही. परंतु बंद्याला स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाता येते अशी मोजकीच ठिकाणे देशात आहेत, आणि त्यांतील एक आक्रसण्यासाठी रुग्णालयाचेच कारण पुढे यावे, हे विपरीत आहे.

खुल्या कारागृहाचा लाभ शिक्षा झालेल्यांनाच मिळतो, ही त्याची मर्यादा आहे. २०२२ मध्ये देशातील दर चार बंद्यांपैकी तीन न्यायाधीन होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता आणि सांगानेरचा मार्गही त्यांना बंद होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर तिची बंधपत्रावर सुटका होऊ शकते. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना हा लाभ नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य या कलमाने कारागृह अधीक्षकांवर टाकले आहे. म्हणजे येथेही पहिला कागद अधीक्षकांच्याच टेबलावरून निघायचा आहे.