स्कॅन केलं म्हणजे वाचलं नव्हे

"जुनं रेकॉर्ड डिजिटल झालं" हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. काय झालं म्हणजे नक्की? पानांचे फोटो काढले. पण फोटोत नाव शोधता येतं का? नाही. मग ते फक्त कपाटातून हार्ड डिस्कवर गेलं, एवढंच!

आता दिग्रसच्या एखाद्या घराचं बघा. पणजोबांचा पुरावा म्हणजे बहुतेकदा कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. तारीख, बापाचं नाव, जात आणि "मुलगा" किंवा "मुलगी". बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. म्हणजे सगळी मदार बापाच्या नावावर आणि जातीच्या रकान्यावर. आंध असाल तर १९५०, बंजारा असाल तर १९६१, ओबीसी असाल तर १९६७ च्या आधीची नोंद म्हणजे सोनं. आणि जात पडताळणीच्या कायद्यानुसार सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर. कारकुनाचा बोरू घसरला, तरी पणतूनेच निस्तरायचं.

बरं, अक्षर मोडी किंवा मोडी वळणाचं. शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार कित्येकदा गायब. "वलद" म्हणजे "चा मुलगा", पण माहीत नसलेला ऑपरेटर ते सरळ नावातच टाईप करणार. एकच माणूस एका पानावर गणपत, दुसऱ्यावर गणू, तिसऱ्यावर गणाजी. जिल्ह्याचं नावसुद्धा १९०५ पर्यंत यवतमाळ नव्हतं, वणी होतं. करा आता "यवतमाळ" टाकून सर्च!

आणि आपण काय करतो? "नाव" नावाचं एक फील्ड बनवतो आणि त्यात ऑपरेटरला जे वाटलं ते भरतो. ज्याने कधी डेटाबेस बनवलाय त्याला कळेल की हा गुन्हा आहे. "कागदावर काय लिहिलंय" आणि "ते काय असावं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच रकान्यात कोंबल्या की अंदाज पुरावा होऊन बसतो.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली, शतकांचे कागद जळाले. मग लोकांची भिस्त चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींवर. त्यातही जेम्सचा लॅटिनमध्ये जेकोबस झालेला आणि अक्षर कोंबडीचे पाय. २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या नोंदींची पानं सगळ्यांना फुकट खुली केली. नावांच्या सूच्या नंतर आल्या. सूची चुकली तरी मूळ पान समोर आहे, स्वतः बघा. एवढी साधी गोष्ट!

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला : "एआय वाचेल की." कशावर शिकून? आधी माणसांनी वाचलेली हजारो पानं लागतात. मोडीला युनिकोडमध्ये जागाच मुळी २०१४ मध्ये मिळाली. शिवाय यंत्र चुकतं तेही ठणकावून. "इथे मला शंका आहे" असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं तर त्या शंकेसाठी रकाना आपणच ठेवायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : पानं खुली केली की बोगस दावे वाढतील. एकाच नावाचे दोन बाप सापडले तर सोयीचा उचलतील. शक्य आहे. पण खाडाखोड बंद कपाटात जास्त सोपी असते, चार लोकांनी पाहिलेल्या पानावर नाही. हां, दत्तक किंवा आजारपण अशा खाजगी बाबी झाका. त्यासाठी सगळं झाकायची गरज नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक नोंदीला पानाची प्रतिमा जोडा. जसं लिहिलंय तसं एका रकान्यात, वाचकाचा अर्थ दुसऱ्यात, शंका तिसऱ्यात. दुरुस्ती सुचवायची सोय ठेवा आणि जुनं वाचन पुसू नका. आणि मोडी वाचणाऱ्याला धड पैसे द्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना या लोकांची वानवा अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली. गरज पडली की शोधायचं आणि काम झालं की विसरायचं, हे किती दिवस?

स्कॅनरचं टेंडर दरवेळी निघतं. वाचणाऱ्याचं कधी निघणार ते सांगा.