आधी वात कापा, मग लेबल वाचा

दिवाळीच्या भेटवस्तूंत सुक्यामेव्याच्या डब्याशेजारी आता काचेच्या बरणीतली सुगंधी मेणबत्तीही असते. लेबलवर ‘सोया वॅक्स, नैसर्गिक’. पॅराफिन पेट्रोलियमपासून येते म्हणून ते विषारी, सोया मात्र सात्त्विक, असा हिशेब करून ग्राहक जास्त पैसे मोजतो. पण खोलीत काजळी किती होणार, हे मेणाच्या जातीपेक्षा वात आणि वारा यांवर जास्त ठरते.

मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हेच उलगडून दाखवले होते. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तापून उजळलेले कार्बनचे कण. पुरेशी हवा मिळाली की ते ज्योतीतच जळून जातात. वात लांब असली की मेण जास्त ओढले जाते, हवा कमी पडते आणि उरलेला कार्बन भिंतीवर बसतो, फुप्फुसातही जातो. सोयाचे मेणही याला अपवाद नाही.

म्हणून पेटवण्याआधी दर वेळी वात अर्धा सेंटीमीटर ठेवून बाकीची कापावी. कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नसे; काजळलेली वात रोज कात्रीने सारखी केली जाई. मेणबत्तीच्या बाबतीत ही सवय कुठे हरवली कोण जाणे! दुसरा शत्रू छताचा पंखा. ज्योत फडफडली की धूर झालाच. मेणबत्ती जळत असताना पंखा बंद, खिडकी किलकिली. विझवल्यावर पंखा खुशाल लावावा. एसी लावलेल्या बंद बेडरूममध्ये ती नकोच.

सुगंधाचे प्रकरण वेगळे. संत्र्याच्या सालीचे तेल नैसर्गिक खरे, पण त्यातले लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड तयार करते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर बिनवासाची मेणबत्तीच बरी. (त्याच घरात रात्रभर डासांची कॉइल धुमसत असेल, तर आधी तिचा विचार करावा.)

फुंकर मारल्यावर निघणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफ. त्याऐवजी चमच्याने वात वितळलेल्या मेणात बुडवून पुन्हा उभी करावी. पाणी मात्र कधीच ओतू नये. त्याची क्षणात वाफ होऊन पेटते मेण उडते.

वीज गेल्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर मेणाचे चार थेंब पाडून मेणबत्ती चिकटवणे हा तर घरोघरचा रिवाज. तिथे स्टीलची ताटली हवी, पडदा निदान फूटभर लांब हवा आणि झोपण्यापूर्वी ज्योत विझलेली हवी. बरणीतली मेणबत्तीही तळापर्यंत जाळू नये. सेंटीमीटरभर मेण उरले की ती टाकून द्यावी, नाहीतर तापलेली काच तडकते.