ऊसही नाही, दारूही नाही: राळेगणसिद्धीतून पाहिलं तर उसाच्या रसाची रम कशी दिसते?

रसवंतीवर आलं-लिंबू घालून मिळणारा उसाचा रस आपण सगळ्यांनी प्यायलाय. त्याच ताज्या रसाची साखर न करता तो थेट आंबवला, भट्टीतून काढला आणि लाकडी पिंपात न मुरवता बाटलीत भरला, तर जी रम तयार होते तिला जगभरातल्या बारमध्ये आज मोठा मान आहे.

मग देशातल्या सर्वात मोठ्या ऊस उत्पादक राज्यांपैकी एक असलेला महाराष्ट्र ही रम का बनवत नाही? आणि बनवली, तर फायदा कुणाचा? हे समजून घेण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात जाऊया. राळेगणसिद्धीने दारू हद्दपार केली आणि उसालाही नाही म्हटलं.

ही रम नेहमीच्या रमपेक्षा वेगळी कशी?

भारतातली बहुतेक रम मळीपासून बनते. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, घट्ट द्रव. तो महिनोन्‌महिने साठवता येतो, त्यामुळे डिस्टिलरी वर्षभर चालते.

रसाचं तसं नाही. गाळल्यावर काही तासांतच तो आंबू लागतो. म्हणजे भट्टी उसाच्या फडाजवळच हवी आणि कामही फक्त गाळप हंगामातच.

चवीतला फरकही इथूनच येतो. मुरवलेल्या रममध्ये लाकूड, व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास असतो. न मुरवलेल्या रसाच्या रममध्ये हे काहीच नसतं. चाखणारे सांगतात ते असं: आधी ओल्या गवताचा, नुकत्याच सोललेल्या उसाचा वास, मग लिंबाच्या सालीसारखी झणझणीत चव, कधीकधी थोडा खारट मातकटपणा. गुऱ्हाळाजवळून गेला असाल तर त्यातला अर्धा वास तुम्हाला ओळखीचा आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाच्या अशा रमला फ्रान्सने 1996 मध्ये भौगोलिक ओळखीचा कायदेशीर दर्जा दिला. ब्राझीलची काशासा आणि हैतीची क्लेरँ याच कुटुंबातल्या. भारतातही हरियाणातल्या इंद्री इथल्या कंपनीने 'कामिकारा' ही रसाची रम बाजारात आणली, पण तिची ओळख झाली ती 12 वर्षं मुरवलेली रम म्हणून.

महाराष्ट्राचं धोरण काय सांगतं?

10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा वर्ग तयार केला. 180 मिलीसाठी किमान किंमत 148 रुपये. पण हा वर्ग धान्यापासून बनणाऱ्या दारूसाठी आहे, उसासाठी नाही.

रसाचं काय करायचं, हे तर दिल्लीही ठरवते. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुढच्या हंगामासाठी उठवली. तोवर प्रकल्पांसाठी कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांची मोठी अडचण झाली होती.

शेतकऱ्याला किती मिळेल?

एक साधा हिशेब करूया. एक टन उसाच्या रसापासून साधारण 70 लिटर अल्कोहोल निघतं. घट धरली तरी 750 मिलीच्या सुमारे 200 बाटल्या होतात. 2025-26 हंगामासाठी उसाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये आहे.

म्हणजे एका बाटलीमागे उसाचे पैसे साधारण 18 रुपये. त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा होते. बाटली हजाराला विकली काय आणि पाच हजाराला विकली काय, शेतकऱ्याचा आकडा आपोआप बदलत नाही.

आता पाणी. निती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला किमान 2,860 लिटर पाणी लागतं. तोच हिशेब लावला तर आपल्या एका बाटलीमागे सुमारे 900 लिटर.

राळेगणसिद्धीने काय ठरवलं होतं?

पारनेर तालुका दुष्काळी. 1975 मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या हाच मोठा धंदा होता. गावाने त्या बंद केल्या. पाणलोटाची कामं झाली, पाणी आलं. पण पाणी आलं म्हणून ऊस लावायचा नाही, हेही गावाने ठरवलं. कडधान्यं, तेलबिया अशी कमी पाण्याची पिकं निवडली.

या दारूबंदीवर टीकाही झाली. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतःच सांगितलं होतं. ती पद्धत योग्य नव्हतीच.

पण बंदी का हवी वाटते, हेही याच जिल्ह्यात दिसतं. फेब्रुवारी 2017 मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलमध्ये निवडणुकीच्या पार्टीतली विषारी दारू पिऊन अनेकांचा जीव गेला.

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देताना सरकारने द्राक्ष शेतकऱ्यांच्या फायद्याचं कारण दिलं. अण्णांनी 14 फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली आणि आदल्या दिवशीच्या ग्रामसभेनंतर ते स्थगित केलं. उद्या उसाच्या रमची चर्चा निघाली, तर हेच कारण पुन्हा ऐकू येईल.

मग ही रम बनवूच नये का?

चांगली बनवलेली, तपासलेली दारू आणि चोरून गाळलेली हातभट्टी यात जीवन-मरणाचा फरक आहे. उसाला साखरेपलीकडे बाजार मिळाला तर त्यातही गैर काही नाही. पण 'शेतकऱ्यांसाठी' असं कुणी म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा. बाटलीच्या किमतीतला ठरलेला वाटा उसवाल्याला मिळणार का? पाणी कुठल्या धरणाचं? आणि ज्या गावात भट्टी लागणार, तिथल्या ग्रामसभेला, विशेषतः बायकांना, कुणी विचारलं का?

राळेगणसिद्धीचं उत्तर सगळ्या गावांनी द्यावं असं नाही. पण तिथे निदान हा प्रश्न आधी गावाला विचारला गेला.