‘फॉर्म’चा प्रतियोगी कोणता?

मराठी समीक्षेत ‘रूपवाद’ हा शब्द दूषण म्हणून फेकला जातो आणि भूषण म्हणून मिरवलाही जातो. दोन्ही पक्षांची समजूत अशी, की आपण एकाच गोष्टीविषयी भांडत आहोत. वस्तुतः या वादातला बराच भाग तत्त्वभेदाचा नाही. ‘फॉर्म’ या साध्या इंग्रजी शब्दाची अनेकार्थता न ओळखता त्याला प्रतिशब्द चिकटवण्याच्या आपल्या सवयीतून तो उपजला आहे.

कचेरीत भरावयाचा छापील कागद, खेळाडूची ऐन भरातली अवस्था, इंग्लंडमधील शाळेतली इयत्ता, तिथलेच पाठ नसलेले लांब बाक, मोकळ्या रानात ससा दडून बसतो तो खळगा : या साऱ्यांना इंग्रजीत ‘फॉर्म’च म्हणतात. हे अर्थ निरुपद्रवी आहेत. संदर्भ पाहताच ते उलगडतात. अडचण सुरू होते ती हा शब्द विचारव्यवहारात शिरल्यावर. लॅटिन ‘फोर्मा’ने दोन ग्रीक शब्दांचे ओझे एकट्याने उचलले. ‘मॉर्फे’ हा मुख्यतः दृश्य आकाराचा वाचक, तर ‘एइदोस’ हा प्लेटोच्या हाती इंद्रियातीत सत्तत्त्वाचा वाचक झालेला शब्द. परिणामी इंग्रजीत ‘फॉर्म’ म्हणजे वस्तूचे निव्वळ कवच, आणि ‘फॉर्म’ म्हणजेच वस्तूचे वस्तुत्व. नुसता उपचार तोही फॉर्म; ज्याच्यावाचून वस्तू ती वस्तूच राहत नाही, तोही फॉर्मच.

अभाव कशाचा, हे सांगितल्याखेरीज अभावाचे ज्ञान होत नाही, असे नैयायिक म्हणतात. ज्याचा अभाव, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. ही संज्ञा थोडी सैल करून ‘फॉर्म’ला लावून पाहावी. आशय हा प्रतियोगी मानला की फॉर्म म्हणजे भांडे ठरते. सामग्री हा प्रतियोगी मानला की तो घडवण्याची क्रिया ठरतो. श्क्लोव्हस्कीने 1917 मध्ये कलेचा विचार ‘कृतियुक्ती’च्या अंगाने मांडला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भांडे आणि द्रव ही उपमाच निकालात काढली. त्यांना आशयाचे शत्रू ठरवणे म्हणजे त्यांनी नाकारलेला प्रतियोगी त्यांच्याच गळ्यात बांधणे होय. पुढे 1948 मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह आदी संगीतकारांवर ‘रूपवादा’चा ठपका ठेवला. तिथे प्रतियोगी होता ‘जनता’. शब्द तोच राहिला, खटला बदलला.

आता आपले प्रतिशब्द पाहावेत. ‘रूप’ म्हटले की मराठी मनाला आधी देखणेपण सुचते. वैशेषिकांच्या मते रूप हा केवळ डोळ्यांनी कळणारा गुण. वेदान्तात नामरूप म्हणजे सत्य नव्हे ते. बौद्ध विचारात पंचस्कंधांपैकी रूपस्कंध म्हणजे भौतिक द्रव्य, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या ‘फॉर्म’चा नेमका प्रतियोगी! वस्तूच्या गाभ्यासाठी तर आपण ‘स्वरूप’ हा वेगळाच शब्द वापरतो. ‘घाट’ शब्दाने गाडगेमडके डोळ्यांपुढे उभे राहते आणि भांड्याची उपमा मागल्या दाराने परत येते. ‘आकृतिबंध’ शासनाच्या दप्तरात मंजूर पदांच्या रचनेला लागला आहे. हे शब्द वाईट नाहीत; प्रत्येकाची अंगभूत दिशा आहे. ती न विचारता ते आलटूनपालटून वापरणे मात्र अक्षम्य आहे.

हा केवळ परिभाषेचा कीस नव्हे. ‘आशय ज्वलंत, पण घाट सैल’ हा शेरा दलित आत्मकथनांवर किती वेळा मारला गेला! शरणकुमार लिंबाळे यांना 1996 मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ वेगळे मांडावे लागले, त्यामागे अशा निकषांविषयीचा असंतोष होता. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. एकच माणूस सांगणारा आणि ऐकणारा असा दुभंगून उभा केला आहे. ‘फॉर्म’ म्हणजे नीटनेटका आकार असेल, तर ही रचना सैल ठरवता येईल. तो सामग्रीला घडवणारे तत्त्व असेल, तर जातिव्यवस्थेने आणि शिक्षणाने माणसात पाडलेली फट इथे निवेदनाचीच रचना झाली आहे; आशय वेगळा काढून दाखवताच येणार नाही. शेरा मारणाऱ्याने अधिकार दुसऱ्या अर्थाचा गाजवला आणि मोजमाप पहिल्या अर्थाने केले. शब्दाच्या अशा सरमिसळीतून साहित्यकृतीवर अन्याय होतो.

इंग्रजीतही हे संपलेले नाही. कॅरोलाइन लेव्हिन यांनी ‘फॉर्म्स’ (2015) या ग्रंथात कवितेची लय आणि समाजातली उतरंड यांना एकाच ‘फॉर्म’ संज्ञेखाली आणले. तिथे शब्दाची व्याप्ती उघडपणे पणाला लावली आहे. तिच्याशी वाद घालता येतो. आपण मात्र उद्या ‘उतरंडीचे रूप’ असे भाषांतर करून मोकळे होऊ.

म्हणून मागणी एवढीच, की प्रमाणित प्रतिशब्दाचा आग्रह सोडावा. परिभाषाकोशातला एकास एक शब्द प्रशासनाची सोय करतो. समीक्षेची त्याने गैरसोयच होते. ‘रूप’, ‘घाट’, ‘आकृतिबंध’ यांपैकी कोणताही शब्द लिहिणाऱ्याने तो कशाच्या विरोधात उभा केला आहे, हे त्याच परिच्छेदात सांगावे. ‘आशय आणि अभिव्यक्ती यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारणाऱ्या आपण प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एकदा तरी विचारावे, की अभिव्यक्तीचा प्रतियोगी आशयच असतो, हे ठरवले कोणी?