जर्नल कम्प्लीट आहे का?

इंजिनिअरिंगला प्रोग्राम चालवण्यात जेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट तो निळ्या पेनाने जर्नलमध्ये उतरवण्यात गेला. आउटपुटसुद्धा हातानेच! सबमिशनच्या आठवड्यात अख्खं हॉस्टेल एकाच जर्नलवरून छापत बसायचं.

आणि लॅबमध्ये काय, तर टर्बो सी++ ३.०, साल १९९१. सी++चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये, आम्ही शिकत होतो २०१६ साली! 'व्हॉइड मेन' लिहिलं नाही तर सरांची लाल रेघ. स्टँडर्ड म्हणतं, मेन 'इंट'च हवं. ओरलला 'इंट किती बाइटचा?' याचं उत्तर २. "सर, माझ्या लिनक्सवर ४ येतात." "पुस्तकात बघ."

अहो, हा फरक का पडतो हाच तर खरा धडा! मला तो रात्री दोन वाजता रूमवर कळला, टर्बोमध्ये ३२७६७ मध्ये १ मिळवल्यावर उणे ३२७६८ आलं तेव्हा. काय आनंद झाला होता राव! पार्टनरला उठवून दाखवलं. (त्याने शिव्या घातल्या, असो.) जर्नलात त्याला जागा नव्हती.

हाताने लिहिलं की बेसिक पक्कं होतं म्हणे. मग कोऱ्या कागदावर नवा प्रोग्राम लिहायला सांगा ना, उतरवायला कशाला लावता?