झोपमोड आणि बी-१२ ची शिल्लक

दुकान वाढवून घरी आल्यावर शरीर थकलेले असते, तरीही डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तक्रार साठीनंतर अनेकजण करतात. चिंतेला दोष देऊन झोपेची गोळी घेतली जाते. परंतु तळपायांची आग, मुंग्या किंवा बधिरपणा यांमुळे झोपमोड होत असेल, तर कारण मनात नव्हे, मज्जातंतूंत असू शकते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जातंतूंवरील आवरणास इजा होते.

हे जीवनसत्त्व जीवाणू निर्माण करतात. धान्य, कडधान्य, भाज्या, फळे यांत ते नसते. आपणांस ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते. यकृतातील त्याची शिल्लक पुरेशी असेल तर ती काही वर्षे टिकते. त्यामुळे आयंबिल ओळीच्या नऊ दिवसांत दूध-दही वर्ज्य केल्याने खाते रिकामे होत नाही. मात्र मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याचे शोषण घटू शकते; मग जमा मुळात बेताची आणि तीही खात्यात पोहोचत नाही! त्यातच ‘मधुमेहात मुंग्या यायच्याच’ असे गृहीत धरून तपासणी टाळली जाते, हे मला अधिक घातक वाटते. उपचार लांबल्यास हानी कायमची होऊ शकते, आणि हिमोग्लोबिन योग्य असतानाही ती चालू राहू शकते.

औषधातील बी-१२ जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, तेव्हा ते घेण्यास संकोच नसावा. कॅप्सूलचे वेष्टन मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी बी-१२ सुचविल्यास कॅप्सूलऐवजी गोळी लिहून देण्याची विनंती करावी.